वाणात गेलेल्या गोळ्या

माझ्या सासूबाईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रायफलच्या गोळ्या वाटल्या.

(घाबरू नका. गोळी म्हणजे काडतुसाचं नुसतं पुढचं टोक. आत शिसं, वरून तांबूस पत्रा. दारू नाही, काही नाही. फेकून मारली तरच लागेल, आणि माझा नेम पाहता तेव्हाही नाही!)

तेव्हा आम्ही इंग्लंडात मिल्टन कीन्सला राहत होतो. शेजारच्या माल्कमने मला रायफल क्लबाचा नाद लावला होता. परवाना, लोखंडी कपाट, सगळे सोपस्कार झाले आणि मी दर रविवारी नियमाने शेवटचा येऊ लागलो. नीलिमा, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "मिलिंद, तुला फ्रिजमधलं लोणचं सापडत नाही, टारगेट काय सापडणार?"

तरीही त्या जानेवारीत नव्या सभासदांच्या कपासाठी मी नाव दिलं. एवढंच नाही, तर नाशिकहून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाईंना मॅच बघायचं आमंत्रणही दिलं! त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "बघू या तरी, आमच्या जावईबापूंना नक्की काय येतं ते." झालं! आता कप गेला तरी चालेल, पण सासूबाईंसमोर शेवटचा नंबर येता कामा नये.

मॅचसाठी काडतुसं स्वतः भरायची अट होती. मी क्लबातल्या एका म्हाताऱ्याकडून जुन्या गोळ्यांची पिशवी स्वस्तात उचलली आणि मोठ्या ऐटीत माल्कमला दाखवली.

"राँग साइज, मेट," तो म्हणाला. "तुझ्या रायफलला केसभर जाड होतील. फेकून दे."

फेकून दे? आमच्या घरात श्रीखंडाचा रिकामा डबासुद्धा कधी फेकला गेलेला नाही! माझा चेहरा पाहून माल्कमला दया आली आणि त्याने एक पोलादी साचा आणून दिला. त्याला मधोमध नेमकं हवं तेवढंच भोक. साचा काडतुसं भरायच्या यंत्रात बसवायचा, गोळीला वंगण लावायचं, दांडा ओढून ती भोकातून रेटायची. जाड गोळी आत, सडपातळ गोळी बाहेर! (माणसांसाठी असं यंत्र निघालं तर पहिला मी.)

मी शेडमध्ये दांडा ओढायला बसलो. निम्म्या गोळ्या झाल्या आणि वंगण संपलं. दुकान लांब, स्वयंपाकघर जवळ. ओट्यावर सासूबाईंनी कढवलेलं साजूक तूप! मी वाटीभर उचललं. एक गोळी साच्यात अशी रुतली, की मी दांड्याला लोंबकळलो आणि शेड हललं, पण शेवटी सगळ्या गोळ्या सडपातळ झाल्या. फक्त तुपाने आणि जुन्या मळाने काळ्याकुट्ट दिसत होत्या. धुवायला म्हणून त्या चाळणीत घालून सिंकमध्ये ठेवल्या आणि दुपारी हळदीकुंकवाच्या बायका येणार म्हणून मी शहाण्यासारखा माल्कमकडे पळालो.

संध्याकाळी परत आलो, तर चाळणी रिकामी.

"आई, इथे चाळणीत काही होतं का हो?"

"ते देवळाचे छोटे कळस ना? अहो, तांब्याची वस्तू अशी काळी ठेवतात का कुणी? चिंच-मीठ लावून लख्ख केले. सोन्यासारखे झाले!"

"वा! मग आहेत कुठे?"

"दिले की!"

"कुणाला?"

"बायकांना, वाण म्हणून. स्टीलच्या वाट्या कमी पडल्या. एकेकीने मैत्रिणी आणल्या होत्या! मग प्रत्येकीला तिळगुळाबरोबर दोन-दोन कळस दिले. सगळ्या म्हणाल्या, किती युनिक आहेत!"

मी खुर्चीत बसलो. कळस कसले आहेत ते सांगितलं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. नीलिमाने आधी डोळे मिटले आणि मग ती इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं.

"परत मागू या," मी म्हणालो.

"वाण परत?" दोघी एकदम ओरडल्या. "दिलेलं वाण परत मागतात का कधी!"

शेवटी सासूबाईंनीच तोड काढली. दुसऱ्या दिवशी मी लेस्टरला जाऊन बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानांतून स्टीलच्या वाट्या आणल्या आणि त्यांना शेजारी बसवून मिल्टन कीन्सचे सगळे गोल राउंडअबाउट चौक पालथे घातले. प्रत्येक दारात सासूबाई ठणकावून सांगायच्या, "अहो, काल दिलं ते नुसतं टोकन होतं. खरं वाण हे!" बायका खूश, गोळ्या परत. एकीने गोळ्या देवघरात मांडून वर फूल वाहिलं होतं. दुसरीने गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवल्या होत्या. कुलकर्णीवहिनी मात्र हटून बसल्या.

"मी नाही देणार. ते आल्यापासून ह्यांच्या व्हिसाचं काम झालंय!"

"त्या दोन राहू द्यात," सासूबाई माझ्या कानात कुजबुजल्या. "तशाही तुमच्या दोन वायाच जाणार."

मग आठवडाभर माल्कमला शेजारी बसवून मी काडतुसं भरली. रविवारी कडाक्याच्या थंडीत सासूबाई नऊवारीवर माझा टोपीवाला अनोरॅक कोट चढवून आणि कानांवर क्लबाचे हेडफोन लावून मागच्या बाकावर बसल्या. मी रायफल घेऊन पालथा पडलो. पहिली गोळी झाडली. दुर्बिणीतून पाहणाऱ्या माल्कमने काच पुसली. दुसरी झाडली, तिसरी झाडली. त्याने पुन्हा काच पुसली!

"काय झालं?" मी कसंबसं विचारलं.

"सगळ्या मधोमध!" माल्कम किंचाळला. "मेट, काय लावलंस तू त्या गोळ्यांना?"

मी जिंकलो! आयुष्यात पहिल्यांदा, चक्क पहिला! मला अक्षरशः रडू आलं. (स्पर्धक तिघेच होते, हे मी पुण्याला माझ्या घरी फोनवर सांगितलं नाही.) क्लबाचे अध्यक्ष चांदीचा कप घेऊन पुढे आले. मी हात पुढे केला, पण त्याआधीच सासूबाई पोचल्या होत्या. नवी वस्तू घरात येताना कुंकू लावल्याशिवाय कशी घ्यायची? त्यांनी पर्समधून करंडा काढला. कपाला कुंकू लावलं, अध्यक्षांना लावलं, माल्कमला लावलं. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि कुणीतरी फोटो काढला.

तो फोटो क्लबाच्या भिंतीवर लागला. मधोमध कप घेतलेल्या सासूबाई, दोन्हीकडे टिळा लावलेले दोन इंग्रज. आणि डाव्या कडेला जो अर्धा कोपर दिसतो ना, तो विजेता.