बॅटरीची वायर माझ्या हातात होती

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना कुणाला वाटायचं की मी नुसती भुताची गोष्ट सांगायला बसलोय. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. खरं म्हणजे माणसांवरही फारसा नव्हता... आणि चूक तिथेच झाली.

अठ्ठावन्न-एकोणसाठ सालची गोष्ट. मालवणच्या बाजारात माझी भाड्याची गाडी उभी असायची. चार दरवाजांची काळी विलायती गाडी, माझ्याकडे आली तेव्हाच म्हातारी होती. मालवण ते कणकवली हा माझा नेहमीचा रस्ता. इंजिन ठणठणीत होतं, पण समोरच्या पॅनलचे दिवे अगदी मंद. दिवेलागणीनंतर वेगाचा काटा, ऑइलचा काटा काही म्हणजे काही दिसायचं नाही.

आमच्या वाडीतच सखाराम मेस्त्री राहायचे. तरुणपणी बोटीवर, इंजिनात काम केलेला माणूस. मी मुंबईहून ओळखीच्या माणसाकडून दोन नवे बल्ब मागवले आणि गाडी त्यांच्या मांगरात, म्हणजे घराशेजारच्या छपरात नेली. त्यांनी पॅनल उघडलं, आत डोकावले आणि हसले.

"बाबू, नुसते बल्ब बदलून काय होवचा नाय. भितुरलो डबो बघ, गंजान काळो पडलो हा. उजेड पडतलो खंय?"

त्यांनी डबा घासला, वायरीचे जोड साफ केले, आणि आतून पांढरा रंग दिला. होडीला लावतात तो.

"खाऱ्या पाण्यात टिकता, तुझ्या गाडयेत नाय टिकाचो? आता पेट्रोल संपला काय तुका चांगला दिसतला!"

आणि खरंच, त्या संध्याकाळी काटे असे स्वच्छ दिसले की मी उगाचच चिवल्याच्या किनाऱ्यापर्यंत चक्कर मारून आलो.

महिनाभराने ब्रेकच्या कामासाठी गाडी दोन दिवस त्यांच्याकडे ठेवली. परत आणली त्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, दिवे पुन्हा मंद. त्याच आठवड्यात गावातल्या डॉक्टरांची गाडीही मेस्त्रींकडे होती. ती माझ्या गाडीच्याच बनावटीची. स्टँडवर पांडू नावाचा दुसरा ड्रायव्हर होता, त्याला तेवढंच पुरलं.

"डॉक्टराच्या गाडयेत डोकावलंस? दिवाळी आसा भितुर! आणि तू बस काजवे पकडीत."

मी तडक मेस्त्रींकडे गेलो, माझे बल्ब काढून डॉक्टरांच्या गाडीत घातलेत म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पाना उचलला.

"बल्ब तेच आसत. थांब, उघडून दाखवतंय."

"तुमी दाखवशात ता माका काय कळाचा? बल्बावर काय नाव लिवलेला आसता?"

"आसता," ते म्हणाले. "बघ तरी."

मी बघितलं नाही. चार माणसं उभी होती, त्यांच्यासमोर मी गाडीत बसलो आणि निघून आलो. ते पाना हातात धरून तसेच उभे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी मी देवळात त्यांच्यावर नारळ ठेवला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे चोरीचा संशय असला की ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात... ज्यानं नेलं असेल त्याला तू बघून घे म्हणून. नाव घ्यावं लागत नाही, सगळ्यांना कळतं. मी ते श्रद्धेनं केलं असतं तर निदान तेवढं तरी बोलायला जागा राहिली असती. मी केलं ते माणसाला धाक बसावा म्हणून.

ज्याच्यावर नारळ आहे त्याच्या हातात गाडी कोण देणार? दोन-तीन महिन्यांत मांगरातलं काम थांबलं. मेस्त्री बहिणीकडे मसुऱ्याला निघून गेले. स्टँडवर मी म्हणालो, "बघलास? खरो चोर आसल्याशिवाय कोण गाव सोडता?"

आता तो प्रसंग.

कणकवलीहून परत येत होतो. गाडीत एकच भाडं, तात्या मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, वाटेवरच्या कट्टा गावी उतरणार होते. माझ्या शेजारी बसले होते, पायाशी पिशवी. कसाल सोडलं तेव्हा सूर्य बुडाला होता. मी पुढचे दिवे लावले. पॅनल आता मंदसुद्धा राहिलं नव्हतं, आठ-दहा दिवसांपासून पार काळोख. सवयीनं चालवत होतो.

एका उताराच्या तोंडाशी पॅनल उजळलं.

लुकलुकलं नाही, हळूहळू वाढलंही नाही. एकदम उजळलं... मेस्त्रींनी रंग दिला त्या संध्याकाळी होतं, तसं.

"बाबू, ह्यो उजेड खंयसून इलो रे? मघाशी माका तुझा तोंडसुद्धा दिसत नव्हता."

माझी नजर ऑइलच्या काट्यावर गेली होती. काटा शून्यावर पडला होता. मी गाडी तिथेच थांबवून इंजिन बंद केलं. टॉर्च घेऊन खाली वाकलो तर ऑइलची नळी सुटलेली, इंजिनाच्या बुडाशी ठिबकायलाही काही उरलं नव्हतं. इंजिनातून धग येत होती. त्या उतारावर इंजिन धरलं असतं, चाकं जाम झाली असती, तर खालच्या मोरीवरून आम्ही दोघे ओहोळात गेलो असतो.

परत आत बसून मी चावी काढली, पुढच्या दिव्यांचं बटण दाबलं. पुढचे दिवे विझले. पॅनल तसंच.

आता माझा स्वभाव बघा. मला देव आठवला नाही, भूतही आठवलं नाही. मला तात्यांचा संशय आला. पिशवीत टॉर्च असेल, गुडघ्यावरून काचेवर मारत असतील... मी तसं विचारलंसुद्धा. तात्यांनी वाळवलेल्या कोळंबीची ती पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"घे, बघ. सुकी सुंगटा आसत. तेंचो उजेड पडत नाय."

मग वाटलं, वायरिंग कुठेतरी चिकटलंय. बॉनेट उघडून मी बॅटरीची वायर सोडवली. काचेतून आत बघितलं. तात्यांच्या चेहऱ्यावर तोच उजेड. ते खाली उतरून माझ्याजवळ आले, एकदा माझ्या हाताकडे, एकदा आत बघितलं.

"बॅटरीची वायर तुझ्या हातात आसा मां?"

"आसा."

"मगे ह्या काय पेटला हा?"

आम्ही दोघे बघत उभे राहिलो. एक विडी ओढून होईल एवढा वेळ. मग ते विझलं. मी वायर पुन्हा जोडली, चावी फिरवली, सगळी बटणं दाबली... पॅनल काही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका ट्रकनं गाडी ओढून कसालला नेली. तिथल्या मेकॅनिकला मी म्हटलं, आधी पॅनल उघड, माझ्यासमोर. आतला पांढरा रंग जसाच्या तसा होता. दोन्ही बल्ब त्यानं माझ्या तळहातावर ठेवले. काच आतून काळी, तारा तुटलेल्या. आणि दोन्हींच्या पितळी टोपीवर कानशीनं मारलेल्या तीन बारीक खाचा.

"ही सखाराम मेस्त्रीची खूण," तो म्हणाला. "बसवलेल्या प्रत्येक वस्तूवर मारतत. बोटीवरली सवय." मग डायनामोची डबी उघडून म्हणाला, "ह्यो स्क्रू कोणी पिळलो? करंट जास्त जाता. बल्ब जळतले नाय तर काय?"

स्क्रू मी पिळला होता. नवे बल्ब बसवल्यावर थोड्याच दिवसांत, बॅटरी लवकर भरावी म्हणून, मेस्त्रींना न विचारता. माझे बल्ब कुणी चोरले नव्हते, ते मीच जाळले होते.

तरीही मी दोन दिवस शंका काढत राहिलो. हा मेकॅनिक मेस्त्रींचा माणूस नसेल ना? खाचा त्यानंच मारल्या नसतील ना? शेवटी डॉक्टरांकडे जाऊन त्यांचं पॅनल उघडून बघितलं. त्यांचे बल्ब वेगळ्याच घडणीचे होते, त्यांनी स्वतः मुंबईहून आणलेले.

तारा तुटलेले दोन बल्ब, सुटलेली वायर आणि तो उजेड. दहा वर्षांत मी कितीतरी जाणत्यांना विचारलं. कुणी म्हणतं, जळण्यापूर्वी बल्ब भडकतो. भडकत असेल, पण बॅटरीशिवाय? कुणी म्हणतं, तुम्हा दोघांना भास झाला. तात्यांनी मरेपर्यंत ते मान्य केलं नाही. मला काहीच ठरवता येत नाही.

ठरवता येत होतं ते एकच, आणि तेच मी लाजेपोटी इतकी वर्षं टाळलं. गेल्या वर्षी देवळात गेलो, गावकरांना म्हटलं, नारळ उचलायचा आहे, गाऱ्हाणं परत घ्यायचं आहे. देवळाचं सगळं तेच बघतात. ते म्हणाले, "ज्येच्यावर ठेवलस तो उभो रवाक होयो. एकट्यान उचलूचो नाय."

मी मसुऱ्याला गेलो. मेस्त्री पडवीत पंपाचं इंजिन खोलून बसले होते. मी कशाला आलोय ते सांगितलं. ते इंजिनाचा एक-एक भाग फडक्यानं पुसत राहिले. मग हात धुऊन त्यांनी सदरा घातला.

देवळात गावकर होते, वाडीतली दहा-बारा माणसं होती, पांडूही होता. गाऱ्हाणं परत घ्यायचे शब्द गावकर सांगतात, आपण फक्त मान हलवायची. मी त्यांना थांबवलं आणि मेस्त्रींकडे वळलो.

"मेस्त्रीनू, बल्ब मिया जाळलंय आणि चोर तुमका म्हटलंय. तुमी उघडून दाखवी होतास, मियाच बघूक नाय. माका माफ करा."