दाराशी उभा दगाजी

दगाजी देवरेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो कॉलेजच्या सभागृहातल्या खिडक्यांचे गज हलवून पाहत होता. आत विद्यार्थी मंडळाची बैठक चालू होती. स्नेहसंमेलनाला पाहुणा कोण बोलवावा, हार कुणी घालावा, यावर मुलं तावातावानं बोलत होती आणि मंडळाचा हा चिटणीस भिंतीच्या कडेकडेनं फिरत होता. एक कडी गंजून अडकली होती. ती त्यानं चपलेनं ठोकून मोकळी केली, मग येऊन बसला आणि म्हणाला, "हं. पाहुण्यांचं काय ठरलं?"

"तू ऐकतच नव्हतास," कुणीतरी चिडून म्हणालं.

"ऐकत होतो. पाहुणा मिळेल. येणारा आपला पायवर येतस, जाणारा कसा जातीन ते पहिले देखा."

पुढं हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं, की मुलं त्याची नक्कल करू लागली. तो रागावत नसे. त्याची एक गंमत होती. राग आला की तो अगदी छापील मराठी बोले, आणि कुणाला धीर द्यायचा असला की आपोआप अहिराणीत शिरे. त्यामुळं दगाजी शुद्ध बोलायला लागला की आम्ही सावध होत असू.

तो धुळ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातला. धुळ्याला तेव्हा कॉलेज नव्हतं. जळगावला नुकतंच निघालं होतं, म्हणून तो आमच्याकडं आला. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला असं ओबडधोबड नाव ठेवायचं, ही आमच्या खानदेशातली जुनी रीत. त्याचं नाव त्यातलंच. प्राध्यापक हजेरी घेताना 'दगाजी' म्हणताच वर्गात खसखस पिके, आणि हा शांतपणे "हजर" म्हणे.

कॉलेजात आम्ही मुली अगदी मोजक्या. मंडळावर मुलींची प्रतिनिधी म्हणून मला घेतलं होतं, पण माझ्याशी बोलायचं म्हणजे मुलांना घाम फुटे. 'मिस जोशी' एवढं म्हणून ते छताकडं पाहत. दगाजीनं पहिल्याच दिवशी मला अक्का म्हटलं. मी त्याच्याहून लहान होते. पण त्या एका शब्दानं माझी खुर्ची बैठकीत नीट टेकली. त्यानंतर मी बोलू लागले.

खिडक्या-दारांचं ते वेड कशापायी, हे मी त्याला एकदा विचारलं. मेहरूणच्या तलावावर मंडळाची सहल गेली होती आणि आम्ही सगळ्यांसाठी भरीत-भाकरी वाढत होतो. हातातलं काम न थांबवता त्यानं सांगितलं. लहानपणी तो चुलतभावाबरोबर जत्रेत तंबूतला सिनेमा पाहायला गेला होता. तंबूला आग लागली. बाहेर पडायची वाट एकच, तिकिटं फाडायची तीच. दगाजी कनातीखालून सरपटत बाहेर आला. चुलतभाऊ दाराकडं धावला.

"आगीनं नाही गेला तो, अक्का," दगाजी म्हणाला. "माणसांनी तुडवला. चांगली माणसं होती. आमच्याच गावची."

मग त्यानं विचारलं, मीठ कुणाला हवंय का.

शेहेचाळीस संपून सत्तेचाळीस लागलं तेव्हा गावातली हवा बिघडली होती. लांबच्या शहरांतल्या दंग्यांच्या बातम्या रोज येत. आमच्याकडं काही घडलं नव्हतं, पण दुकानं लवकर बंद होत, आणि एकाच आळीत वाढलेली माणसं एकमेकांना पाहून आवाज खाली आणत. संमेलनात आम्ही एक सामाजिक नाटक बसवत होतो. त्यातल्या तापट मामलेदाराची मुख्य भूमिका युसूफकडं होती. युसूफ जळगावचाच, वडिलांचं पत्र्याच्या पेट्या बनवायचं दुकान. तो आणि दगाजी एकाच बाकावर बसत. मिशी लावून तो 'कोण आहे रे तिकडे' म्हणून ओरडला की तालमीत आम्ही पोट धरून हसायचो.

एके सकाळी कॉलेजच्या फाटकावर कुणीतरी कोळशानं लिहून गेलं, की त्या पोराला स्टेजवर चढवलं तर मंडप राहणार नाही. त्याच दिवशी युसूफच्या वडिलांना त्यांच्याच समाजातल्या चार माणसांनी गाठलं, आणि मुलाला हिंदूंच्यात नाचवू नका म्हणून बजावलं.

संध्याकाळी बैठक बसली. कुणीच सरळ बोलेना. शेवटी एकजण म्हणाला, "युसूफच्याच भल्यासाठी म्हणतो. या वर्षी दुसऱ्या कुणाला ते काम देऊ. पुढच्या वर्षी आहेच की तो."

युसूफ तिथंच होता. तो म्हणाला, "मला चालेल." ते म्हणताना तो कुणाकडंच पाहत नव्हता.

दगाजी उठला. "मला चालणार नाही," तो म्हणाला. "या मंडळाचे सभासद कोण असावेत, हे फाटकावर लिहिणाऱ्यांनी ठरवायचं असेल, तर चिटणीसही त्यांनीच निवडावा. मी आत्ता राजीनामा देतो." सगळं अगदी छापील. मग तो युसूफशेजारी बसला आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "गॅदरिंग व्हई ते बठ्ठास्नं व्हई, नही ते कोन्हंच नही." बठ्ठास्नं, म्हणजे सगळ्यांचं. राजीनामा कुणी घेतला नाही, आणि युसूफचं काम युसूफकडंच राहिलं.

प्रिन्सिपॉलसाहेब भले गृहस्थ होते, पण घाबरलेले होते. संमेलन रद्द करावं असं त्यांचं मत. दगाजी मला बरोबर घेऊन त्यांच्याकडं गेला. "नाटक दिवसा करू, सर. दिवे नाहीत, म्हणजे आगीची भीती नाही. मंडप मी स्वतः उभा राहून बांधून घेतो."

"आणि काही झालं तर?"

"होईल असं धरूनच बांधतो, सर."

साहेब म्हणाले, "मुलींना बसवू नका."

मी म्हणाले, "मुली बसणार नसतील तर मीही मंडळावर नाही." हे मी आधी ठरवलं नव्हतं. दगाजीनं माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही, पण बाहेर आल्यावर म्हणाला, "अक्का, आता तुमची जागा मला नीट करायला हवी."

त्यानं मंडपवाल्याला भंडावून सोडलं. कनात चारी बाजूंनी शिवून घ्यायची पद्धत, यानं ती जागोजाग मोकळी ठेवली आणि नुसत्या सरगाठी मारल्या, ओढली की सुटेल अशा. बायकांची जागा एरवी मागच्या कोपऱ्यात पडद्याआड असे. यानं ती कडेच्या मोठ्या वाटेशी आणली. गावातले एक प्रतिष्ठित नाना पाहायला आले आणि भडकले. "बायकांना दाराशी बसवता? ही काय रीत?"

"नाना," दगाजी म्हणाला, "मानाची जागा तीच शे. पहिलं बाहेर कोन निघी?"

नाना पुटपुटत गेले. पण नाटकाच्या दिवशी त्यांनी आपल्या बायको-सुनांना आणून त्याच जागी बसवलं.

पडदा वर जाण्याआधी दगाजी आम्हा दोघांना भेटला. युसूफला म्हणाला, "काही झालं तरी बोलत राहा. आवाज थांबला की माणसं बिथरतात." मला म्हणाला, "मी तुमच्याकडं यायचा नाही. काय करायचं ते तुम्हीच ठरवा. फक्त पळू नका. तुम्ही पळाल्या की बठ्ठ्या पळतीन." आणि तो जाऊन मंडपाच्या पुरुषांकडच्या दाराशी उभा राहिला. त्यानं नाटक पाहिलंच नाही. त्याची पाठ रंगमंचाकडं होती.

मंडप गच्च भरला होता. पहिला अंक सुरळीत पार पडला. युसूफला टाळ्या पडल्या, तेव्हा मला वाटलं, उगाच भ्यालो आपण. दुसऱ्या अंकात मामलेदार मुलाला घराबाहेर काढतो, त्या प्रसंगात बाहेरून दगड आले. एक दगड वरच्या कापडावरून घरंगळत गेला, त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. मग पुरुषांच्या बाजूला काहीतरी तटकन तुटलं. ताणाचा दोर कुणीतरी बाहेरून कापला होता. छत एका अंगाला झुकलं आणि मागून कुणी ओरडलं, "आग, आग."

सगळा मंडप एकदम उठला. खुर्च्या पडल्या. माझ्या अंगावर कुणाचं तरी मूल आलं. त्या क्षणी रंगमंचावरून गर्जना झाली.

"कोण उठलं तिथे? मामलेदार बोलतोय आणि तुम्ही उठता? बसा खाली."

युसूफ. पांढरी मिशी, हातात काठी, आणि तोच तालमीतला आवाज. माणसं गोंधळली. पुढच्या रांगा खरोखर खाली बसल्या. "आग नाही, बीग नाही," तो ओरडला. "माझ्या हुकुमाशिवाय कुणी हलायचं नाही. आधी बायका. मग डावीकडची रांग. ए पागोटेवाले, तुम्हाला वेगळं सांगू का?"

कुणीतरी हसलं. त्या हसण्यानं जीव वाचले असं मला आजही वाटतं.

मी कनातीची गाठ ओढली. ती सुटली. मी बाहेर चालत गेले. माझे पाय पळायला बघत होते आणि मी त्यांना चालवत होते. मागून बायका आल्या, कडेवर मुलं, हातात एकमेकींचे हात. मोकळ्या मैदानात पोचून मी वळून पाहिलं तेव्हा पुरुषांच्या बाजूचा झुकलेला खांब दगाजीनं खांद्यावर घेतलेला दिसला. आणखी दोघं होते, पण मुख्य भार त्याच्यावर. त्याच्या बगलेखालून माणसं वाकून बाहेर पडत होती. तो प्रत्येकाला काहीतरी सांगत होता. नंतर कळलं, तो म्हणत होता, "धीर धर भाऊ, हळू जा, मी शे आठे." मी इथं आहे, एवढंच.

मंडप रिकामा झाला. शेवटी युसूफ बाहेर आला, आणि मग वरचा आडवा वासा निसटून दगाजीच्या उजव्या कोपरावर आला.

कुणालाही खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. एक दगाजी सोडून. हाड कोपरातच मोडलं होतं. डॉक्टरांनी हात बांधला, पण आधीच सांगितलं की तो पूर्वीसारखा व्हायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तापानं फणफणलेला होता. तसाच गळ्यात हात अडकवून कॉलेजात आला. "दुसरा अंक राहिलाय," म्हणाला.

आम्हाला वाटलं, तापात बरळतोय. पण प्रिन्सिपॉलसाहेबच म्हणाले, "करा. मी पहिल्या रांगेत बसतो." उरलेलं नाटक कॉलेजपुढच्या उघड्या मैदानात झालं. मंडप नाही, पडदा नाही. आदल्या दिवसापेक्षा जास्त माणसं आली. दगाजी एका दगडावर बसून होता, आणि या खेपेला त्याचं तोंड नाटकाकडं होतं.

पुढच्या आठवड्यात त्याचे वडील आले. उंच, उन्हानं रापलेले, डोक्याला भलं मोठं पागोटं. त्यांनी मुलाच्या हाताकडं पाहिलं आणि आम्हा सगळ्यांना उद्देशून एवढंच म्हणाले, "मी याले शिकाले धाडेल व्हता, मंडप धराले नही." दगाजीनं त्यांचं गाठोडं डाव्या हातात घेतलं आणि त्यांच्या मागोमाग स्टेशनवर गेला. उजव्या हातानं त्याला लिहिता येत नव्हतं. परीक्षा बुडाली.

जूनमध्ये कॉलेज उघडलं तरी तो आला नाही. मग मी, माझा भाऊ आणि युसूफ चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला गेलो, आणि तिथून टांग्यानं त्याच्या गावी. तो आम्हाला पाहून इतका खूश झाला, की आईला तीनतीनदा चहा ठेवायला सांगत होता. डाव्या हातानं अक्षर गिरवायला लागला होता. मी त्याच्या हाताकडं पाहतेय हे त्यानं ओळखलं. "हात शे अजून, अक्का. वाकडा शे, पन शे."

जेवण झाल्यावर युसूफनं मनातलं काढलं. देशाची वाटणी ठरली होती. त्याचे काका कराचीला निघायचं म्हणत होते, आणि त्यालाही बरोबर नेणार होते. वडील दुकान सोडायला तयार नव्हते, आई रडत होती. "दगा, तू सांग. मी काय करू?"

दगाजी ओसरीच्या कडेला येऊन बसला. ओसरीसमोरून गुरं परतत होती.

"मी राहा म्हटलं आणि उद्या तुझ्या घरावर दगड आले, तर?" तो म्हणाला. "माझा एकच हात चालतो आता. हे मी सांगायचं नाही, युसूफ. तू ठरव. पण गेलास तर दिवसाउजेडी जा, आणि मला कळव. मी स्टेशनवर येईन. तू राह्यना तरी येसू, तुना घर."

परतताना तो धुळे स्टेशनपर्यंत आला. गाडी सुटेस्तोवर तो युसूफच्या खिडकीशी उभा होता आणि दोघंही पिकांबद्दल बोलत होते.

श्रावणात तो विषमज्वरानं गेला. धुळ्याच्या दवाखान्यात नेलं होतं, उपयोग झाला नाही. आम्हाला कळलं तेव्हा तेराव्याचा दिवसही उलटून गेला होता. कामानिमित्त जळगावला आलेल्या त्याच्या गावच्या एका शेतकऱ्यानं कॉलेजात येऊन सांगितलं.

ते युसूफला सांगायला मी भावाबरोबर त्याच्या घरी गेले. दारात टांगा उभा होता. काकांचं सामान चढवलं जात होतं, आणि त्यात युसूफची पत्र्याची पेटी वर बांधलेली होती. मी टांग्याशी उभी राहून सांगितलं. युसूफनं ऐकून घेतलं. काकांनी गाडीची वेळ झाल्याचं बजावलं. तो टांग्याच्या पायरीवर चढला, पेटीची दोरी सोडली, पेटी खांद्यावर घेतली आणि घरात गेला.

काका त्याला हाका मारत राहिले. आतून त्याच्या आईचा आवाज आला. पेटी कुठं ठेवायची, एवढंच ती विचारत होती.