तीस सेकंदांचा धडा

सबनीस गेले हे त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं तेव्हा मी कुकर लावत होते. चौथी शिट्टी झाली तरी गॅस बंद करायचं सुचलं नाही. आता महिना होत आला, पण अंगातला शीण काही जात नाही.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात ते ट्रेनिंग बघायचे आणि मी टायपिस्ट होते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी लोखंड कातायची, कॉम्प्युटरवर चालणारी लेथ मशीन आली. जुन्या कामगारांना ती शिकवायला सबनीसांनी कॉम्प्युटरवरच एक धडा बसवला. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की तोच मुद्दा सोपा करून पुन्हा. ज्याला जसं झेपेल तसं. तीस सेकंदांत उत्तराचं अक्षर दाबलं नाही, तर येत नाही असं धरायचं. सगळे प्रश्न मी टाइप केले. सबनीस तेव्हा नुसते हवेत होते.

कळव्याचे म्हात्रे वीस वर्षं लेथवर. टूल बोथट झालंय हे नुसत्या आवाजावरून सांगायचे. धडा त्यांना रोज मागे ढकलत राहिला, अगदी मिलिमीटर म्हणजे काय इथपर्यंत. अहवालावर सबनीसांनी सही केली आणि म्हात्र्यांची गोडाऊनला बदली झाली. जाताना ते आमच्या खोलीत आले.

"साहेब, उत्तर मना माहीत व्हता. बटन शोधीपरत तुमचा कॉम्प्युटर थांबतच नाय."

"मग बोलला का नाहीत, म्हात्रे?"

"मना वाटला, परीक्षेत बोलाचा नसते."

सबनीस तीनदा मॅनेजरकडे गेले, पण बदल्यांची यादी बदलली नाही. "सुमनताई, मी एकदासुद्धा त्यांच्या मागे उभं राहून बघितलं नाही हो," एवढंच म्हणाले. मला त्यांचा राग आला, आणि माझा जास्त... माझी बोटं न बघता अक्षरांवर पडायची. हे मला तरी कळायला हवं होतं. पुढच्या तुकड्यांसाठी त्यांनी वेळेची अट काढून टाकली, बटनं ओळखायचा धडा आधी घातला. म्हात्रे मात्र गोडाऊनमधूनच रिटायर झाले.

गेल्या रविवारी मी डोंबिवलीला सबनीसांच्या घरी गेले. "बाबांनी म्हात्रेकाकांना घरी शिकायला बोलावलं होतं," मुलगी म्हणाली. "दर रविवारी कॉम्प्युटर लावून बसायचे. काका कधी आलेच नाहीत." तिने तो जुना कॉम्प्युटर लावून दिला. आमच्याच धड्याचा पहिला प्रश्न आला. मी मुद्दामच हात मांडीवर ठेवून बसले. चहा आला, निवला, प्रश्न हलला नाही. मग खाली रोमन अक्षरांत एक ओळ उमटली, मी कधीच टाइप न केलेली: सावकाश होऊ द्या, म्हात्रे. मी बसलोय.