आज कुणाचं?

गरम भातात काळे तीळ पडले की जो वास सुटतो, त्यानं मी थेट काशीतल्या दुर्गाघाटाच्या आमच्या अंधाऱ्या गल्लीत जाऊन पोचते. बाबा महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं घाटावर करायचे आणि त्यासाठीचे पिंड आई पहाटे घरीच वळायची. त्या वासानं जाग आली की मी अंथरुणातूनच विचारायचे, "आज कुणाचं गं?" आई सांगायची, "साताऱ्याच्यांचं," नाहीतर "अकोल्याच्यांचं." परातीजवळ गेले की ओरडायची, "लांब हो, चटका बसेल." मी नववीत होते तेव्हा एका सकाळी बऱ्याच दिवसांनी तो वास आला, आणि अर्धवट झोपेत तोंडून नेहमीसारखंच निघून गेलं, "आज कुणाचं गं?" मग आठवलं, आज बाबांचा दहावा. मी उठून तिच्यासमोर बसले. तिचे हात भातातच होते, पण गोळा काही वळला जात नव्हता. खालून काकांनी हाक मारली, "वहिनी, चलो, घाटाला नाव लागलीय." तिनं परात माझ्याकडे सरकवली. "तू वळ." भातातून वाफा निघत होत्या. ती आपलं नेहमीचं म्हणेल म्हणून मी जरा थांबले, पण ती भिंतीकडे बघत राहिली. बाबांचे पिंड मी वळले. परवा स्वयंपाकघरात लेक ओरडली, "आई, हाथ जल जाएगा!" वाफाळत्या भातात माझा हात होता, आणि मला काहीच जाणवत नव्हतं.