व्हर्लिनने चोरून घेतलेला ठसा

अर्धं आयुष्य मी रंगमंचावर काढलं, पण व्हर्लिन स्टॉफरइतक्या बोलक्या भुवयांचा नट मला भेटला नाही. संशय आला की डावी भुवई आधी चढायची.

व्हर्लिन आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या गावचा निवृत्त लेथवाला. काडतुसं घरीच भरायचा. शंभर यार्डांवर पाच गोळ्या एकाच भोकातून घालवणं, एवढीच त्याची भक्ती. वसंतात लॉर्न हॉकेनबेरीने, त्याच्या चाळीस वर्षं जुन्या मित्राने, त्याच्या रायफलला नवी नळी बसवली आणि काडतूस बसतं ते चेंबर कोरलं. तेव्हापासून बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून चेंबर बंद करणारा दांडा, जड मिटायला लागला आणि गोळ्या फाकायला लागल्या.

"यंदा नेमबाजीच्या स्पर्धांत लॉर्नच जिंकतोय, पाहिलंस ना?" व्हर्लिन मला म्हणाला. भुवई चढलेली.

चेंबरमध्ये वितळलेला मऊ धातू ओतला की त्याचा ठसा मिळतो. पण मित्राच्या कामाचा ठसा घेणं म्हणजे त्याला लबाड म्हणणं, असं इथे मानतात. व्हर्लिनने तो चोरून घेतला आणि दहा दिवस कॉफीच्या डब्यात दडवला. मोजायचा धीर होईना. शेवटी शनिवारी मोजला, तर ठशाची मान, म्हणजे पुढचा अरुंद भाग, लॉर्नने नळीवर कोरलेल्या आकड्यापेक्षा केसभर जाड.

रविवारी अग्निशमन दलाच्या हॉलमधल्या नाश्त्याला तो सगळ्यांसमोर बोलला, "लॉर्नची कोरणी हलली, चेंबर सैल झालंय. नाहीतर मुद्दाम केलंय."

त्या आठवड्यात गावातल्या दोघा नेमबाजांनी लॉर्नकडे कामाला दिलेल्या आपल्या नळ्या परत नेल्या. चेंबरच्या कोरीवकामावरच त्याचं नाव होतं. गुरुवारी तो व्हर्लिनच्या गॅरेजमध्ये आला. मी तिथेच होतो.

"ठसा कधी ओतलास?"

"मोजायच्या दहा दिवस आधी."

"लेका, हा धातू आधी आकसतो, मग फुगत जातो. तासाभराने मोजायचा. धातूच्या डब्यावर लिहिलंय."

"बारीक लिहिलंय."

"माझ्यावर आळ घेताना चष्मा लागला नाही तो?"

लॉर्नने नवा ठसा ओतला. तासभर थांबायचं होतं. लॉर्नने ठशाला हात लावू नये म्हणून व्हर्लिन त्याच्यावर नजर ठेवून होता. मग व्हर्लिनने स्वतः मोजला. नळीवर कोरलेला आकडा अचूक निघाला.

लॉर्नने टेबलावरची, उडवलेल्या काडतुसाची एक पितळी पुंगळी उचलली. "या जुन्या नळीतून उडवलेल्या?"

"हो. चांगल्या आहेत."

"त्या जुन्या चेंबरच्या मापाने फुगल्यात. हे चेंबर किंचित आखूड आहे. खांदे, हा मानेखालचा उतार, मागे न दाबता तू त्या भरल्यायस, म्हणून बोल्ट जड जातोय आणि गोळ्या फाकतायत. चाळीस वर्षं भरतोयस ना?"

व्हर्लिनची भुवई खाली आली.

पुढच्या रविवारी तो त्याच हॉलमध्ये उठून उभा राहिला. बशीकडे बघतच म्हणाला, "चेंबर बरोबर होतं. चूक माझी."

लॉर्न सॉसेज कापत होता. त्याने मान वर केली नाही.

"मोठ्याने बोल," तो म्हणाला. "नळ्या नेलेले दोघं मागच्या टेबलावर बसलेत."

व्हर्लिन पुन्हा म्हणाला. या वेळी मागे वळून.