उंबऱ्याबाहेरचा ब्रेस

पायांवर काम करणाऱ्यांकडे किस्से फार साठतात. पेशंट चालून परत येईपर्यंत आपल्याला नुसतं बघत बसायचं असतं, आणि बघत बसलेल्या माणसाला जो तो येऊन काहीतरी सांगतो.

इंग्लंडात शिकून मी सिल्वासाला परतले तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. बाबा इथल्या एका कारखान्यात इंजिनिअर, घर टोकरखाड्याला. ब्रेस लावून माणसं किती बरी चालतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय. मला वाटलं होतं, लांब पांढरा हॉल असेल, बाजूला कॅमेरा असेल आणि माझ्या ब्रेससाठी लोक रांगेत उभे असतील. मिळाली ती एका धर्मादाय दवाखान्याची लांबट खोली. रांगेत होत्या त्या फक्त दाराबाहेरच्या चपला.

* * *

त्या चपलांचे राखणदार रमणभाई. दवाखान्याचे शिपाई, पण कायदा त्यांचा.

ब्रेस म्हणजे पोटरीमागून उतरून तळव्याखाली वळणारी प्लॅस्टिकची पट्टी. लोंबणारं पाऊल ती वर धरते. ती बुटात घालायची असते, म्हणून पहिला पेशंट बुटासकट आत येऊ लागला.

"बूट बहार," रमणभाई म्हणाले.

"अहो, हा उपचाराचा बूट आहे."

"डॉक्टरसाहेब पण बहार काढतात, बेन."

मी त्यांच्या पायांकडे बोट दाखवलं. पायांत रबरी स्लिपर होत्या.

"आ तो घरनां छे," ते शांतपणे म्हणाले. "घरातल्या. यांनी रस्ता पाहिलेला नाही."

शेवटी तडजोड झाली. खोलीभर तरटाची पट्टी अंथरायची, बूटवाल्यांनी तिच्यावरूनच चालायचं. तरट रोज झटकायचं, तेही मी.

* * *

किलवणीचे पाटीलकाका मूळचे धुळ्याकडचे, एका कारखान्यात वॉचमन होते. अर्धांगाचा झटका येऊन डावी बाजू गेली होती. मी त्यांना सांगितलं, "माझ्याकडे लक्ष देऊ नका, रोजच्यासारखं चाला."

"रोजच्यासारखं हवं तर तुम्ही आत जा, बाई."

मी आत जाऊन खिडकीच्या फटीतून पाहू लागले. काका ओसरीवरच्या बाकावर बसले, बिडी पेटवली आणि निवांत झुरके घेत राहिले.

"काका, चालायचं होतं ना?"

"रोज या वेळेला मी बसतो."

* * *

दुसरी पेशंट मंगला. नंदुरबारकडची, लहानपणी पोलिओ झालेला, उजवं पाऊल फरफटायचं. भावाकडे राहत होती. धाग्याच्या कारखान्यात बॉबिन भरायचं काम मिळालं तर इथे, नाहीतर दिवाळीनंतर गावी परत, असं भावाने स्पष्ट सांगितलं होतं. गावी जायचं नव्हतं तिला. तिथे तिला नावाने कुणी हाक मारत नसे, व्यंगानेच मारत.

पावलांचे ठसे घ्यायला मी तळव्यांना लाल रंग लावून कागदावर चालवायचे. मंगला चालू लागली तशी बाकावरून पाटीलकाका ओरडले, "अरे, नवरी आली. माप ठेवा कुणी उंबऱ्यावर."

सगळ्या बायका हसल्या. मंगलाने मागे वळूनही पाहिलं नाही.

"काका, मना तर उजवाच पाय लंगडा. डाव्या पायाने माप ओलांडलेली चालेल अशी सासू शोधा, मग हसा."



* * *

महिनाभराने काकांचा ब्रेस तपासला. नवाकोरा, एक ओरखडा नाही.

"वापरता ना?"

"म्हणजे काय? पुतण्याच्या लग्नात वापरला."

"आणि मंडपात?"

"मंडपात बूट घालून कोण जातं? बाहेर काढून ठेवला. एक सांगतो बाई, वस्तू फार चांगली आहे. लग्नातून बऱ्याच जणांच्या चपला गेल्या, याला कुणी हात लावला नाही. एकाच पायाचा ना."

मग मी त्यांच्या घरी गेले. ब्रेस बुटासकट उंबऱ्याबाहेर होता आणि काका भिंत धरून स्वयंपाकघराकडे निघाले होते. काकू म्हणाल्या, "घरात देव आहेत, पोरी." मी मान डोलावली. पण दवाखान्यातली तरटाची पट्टी डोळ्यांपुढून हलेना. त्या पट्टीवर माझे सगळे पेशंट उत्तम चालत होते.

* * *

सर्वांत उत्तम मंगला. ब्रेस, कॅनव्हासचा बूट, पाऊल स्वच्छ उचललेलं. कारखान्यात "बॉबिन खात्यात चालून दाखव, मग घेतो" म्हणाले तेव्हा मीच हौसेने सोबत गेले. गेटपासून खात्यापर्यंत ती अशी चालली की सुपरवायझर माझ्याकडे वळून म्हणाले, "हिला काय झालंय?"

खात्याच्या दारात चपलांची ओळ होती.

"धाग्याला धूळ चालत नाही," सुपरवायझर म्हणाले. ते स्वतःही अनवाणी होते.

मंगलाने माझ्याकडे पाहिलं. बूट काढला, ब्रेस तेवढा पायावर ठेवला आणि आत गेली. गुळगुळीत फरशीवर उघडं प्लॅस्टिक सटकलं. तिने मशीनचा कठडा धरला म्हणून वाचली.

"इथे पडलीस तर माझी नोकरी जाईल, मुली. सोमवारी ये, एकदा बघू. त्यानंतर नाही."

 परत येताना दवाखान्याजवळ ती म्हणाली, "ताई, तुमचं शिक्षण रस्त्यापुरतं छान आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तरटाची पट्टी गुंडाळून रमणभाईंच्या हातात दिली आणि बाजार उघडताच चपलांच्या दुकानात शिरले. मंगलाच्या ब्रेसखाली बसेल अशी नवी रबरी स्लिपर मागितली.

"घालून बघा," दुकानदार म्हणाला. "बाहेर दोन पावलं चालून या."

"नको, खाली ठेवूही नका, हिने रस्ता बघायचा नाही," मी म्हटलं. "तुमच्याकडे कात्री आहे का?"