नाळ्याचा चाफा

बोळिंजच्या आमच्या बिल्डिंगखालचा सोनचाफा फुलला, की त्या वासासरशी मी होळी गावातल्या आमच्या वाडीत जाऊन पोचतो.

त्या सकाळी बाबा चाफ्याचं कलम लावत होते. आदल्या दिवशी गावच्या हॉलमध्ये माझी पहिली शॉर्ट फिल्म दाखवली होती. शेवटी म्हातारा रिकाम्या खुर्चीसमोर दुसरा कप चहा ओततो, तिथे बायका डोळे पुसत होत्या. तो प्रसंग मी एका परदेशी सिनेमातून जसाच्या तसा उचलला होता. "कसं सुचलं रे?" विचारणाऱ्यांना मात्र "सुचलं असंच," म्हणून मोकळा झालो होतो.

कुंपणापलीकडून शेजारच्या काकू म्हणाल्या, "चाफा नवीन वाटतं?"

"नाळ्याच्या मेव्हण्यांकडचा," बाबा लगेच म्हणाले. नाळे हे माझ्या मामांचं गाव. आणलेलं कलम कुणाकडचं, ते आमच्याकडे आधी सांगायचं असतं. मग चिखलाच्या हातांनीच माझ्याकडे बोट दाखवलं. "पण कालचा तो सीन आमच्या पोराच्या डोक्यातला हो!"

मी खाली मान घालून झारीने पाणी घालत राहिलो.

बिल्डिंगखालचा हा चाफा त्याच झाडाच्या कलमाचा. कुणी विचारलं, तर नाळ्याच्या मामांचं नाव मी न चुकता सांगतो. त्या सिनेमाचं नाव बाबांना कधीच सांगितलं नाही. तो सीन माझाच समजून ते गेले.